गुंठाभर छपरावर किती पाणी पडतं? ढोबळ अंदाज कसा घ्यायचा आणि त्यावर कितपत विसंबायचं

एप्रिल लागला की आमच्याकडच्या वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानावर एक बातमी ठरलेली असते. अमुक तालुक्यातल्या इतक्या वाड्यांना टँकर सुरू. सोबत टँकरच्या नळीखाली लावलेल्या हंड्यांचा फोटो. आठ-नऊ महिन्यांपूर्वी त्याच पानावर त्याच तालुक्याच्या नावापुढे एका दिवसात दोनशे मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद छापलेली असते. दोन्ही बातम्या खऱ्या असतात. दक्षिण कोकणात वर्षाला साधारण तीन ते साडेतीन मीटर पाऊस पडतो. पडलेलं सगळं पाणी जागच्या जागी उभं राहिलं तर घराच्या दाराची चौकट बुडेल. तरीही मे महिन्यात पाणी विकत घ्यावं लागतं.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. सह्याद्रीपासून समुद्र जवळ, नद्या आखूड आणि उताराच्या, आणि आपला जांभा पाणी पितो पण धरून ठेवत नाही. याच्या पुढचं बोलणं मात्र नेहमी एकाच वाक्यावर येऊन थांबतं: "एवढं पाणी साठवणार कुठे? ते काय घरगुती काम आहे का?"

"एवढं" म्हणजे किती, हे त्या बोलण्यात कोणीच काढलेलं नसतं. दहा हजार लिटर की दहा लाख? या दोन उत्तरांतून दोन अगदी वेगळे निर्णय निघतात. आकडाच नसल्यामुळे निर्णयही होत नाही आणि वर्ष निघून जातं. हा लेख त्या आकड्याबद्दल आहे. तो बरोब्बर असण्याची गरज नाही. ढोबळ चालेल, पण तो काढता आला पाहिजे.

अदमास आणि अंदाजपंचे

ढोबळ अंदाज किंवा अदमास म्हणजे जो आकडा थेट माहीत नाही, तो माहीत असलेल्या लहान लहान आकड्यांतून जुळवून काढणं. मोठ्या प्रश्नाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला समजेल असा आकडा द्यायचा, मग गुणाकार-भागाकार. शेवटी जे येईल ते "याच्या आसपास" म्हणून घ्यायचं.

अंदाजपंचे दाहोदरसे म्हणतो ते वेगळं. तिथे आकडा आधी तोंडातून निघतो आणि कारणं नंतर शोधली जातात. अदमासात प्रत्येक पायरी दाखवता येते. कोणी म्हणालं की तुमची तिसरी पायरी चुकली, तर ती बदलून पुन्हा हिशेब करता येतो. मला हा फरक सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण दाखवता येणाऱ्या अंदाजावर दोन माणसं शांतपणे वाद घालू शकतात.

जगभर या पद्धतीला एन्रिको फर्मी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाचं नाव जोडलं जातं. १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली, तेव्हा फर्मी साधारण सोळा किलोमीटरवर उभे होते. स्फोटाच्या हवेचा धक्का पोचण्याच्या सुमारास त्यांनी हातातले कागदाचे कपटे खाली सोडले. कपटे सुमारे अडीच मीटर सरकून पडले. तेवढ्यावरून त्यांनी अंदाज केला की स्फोटाची ताकद दहा हजार टन टीएनटी या स्फोटकाएवढी असावी. पुढे मोजमापांवरून निघालेला आकडा याच्या साधारण दुप्पट आला. कागदाच्या कपट्यांवरून काढलेला आकडा दहा पटींनी चुकला असता तरी कोणी दोष दिला नसता.

छपराचं गणित

आता आपला प्रश्न. गावातलं साधं घर घेऊ, कौलारू किंवा पत्र्याचं. छपराने झाकलेली जागा एक गुंठा धरू. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, मीटरमध्ये जवळपास बरोबर शंभर चौरस मीटर. हा योग हिशेबाला फार सोयीचा आहे.

दुसरा धागा असा: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणून गुंठाभर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर. ही एक ओळ पाठ असली तरी पुरे. उद्या बातमीत "१२० मिलिमीटर" वाचलंत की लगेच कळेल, माझ्या छपरावरून काल बारा हजार लिटर पाणी पागोळ्यांनी खाली गेलं. म्हणजे एका मोठ्या टँकरपेक्षा जास्त.

वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटर धरला तर तीन लाख लिटर. वाऱ्याने बाहेर पडणारं, पन्हळीतून उसळणारं आणि पहिल्या पावसाचं मुद्दाम सोडून द्यायचं पाणी वजा करू. अगदी एक तृतीयांश वाया गेलं म्हटलं तरी दोन लाख लिटर उरतं. दहा हजार लिटरचे वीस टँकर एका घराच्या छपरावरून.

आता दुसरी बाजू, गरज किती? घरात पाच माणसं. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला ५५ लिटरचं प्रमाण धरलं आहे, तेच घेऊ. टंचाईचे दिवस मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे नव्वद. पाच गुणिले ५५ गुणिले ९०: २४,७५०. पंचवीस हजार लिटर म्हणा.

पडतं दोन लाख, लागतं पंचवीस हजार. म्हणजे पावसाची बाजू आठ पटींनी भक्कम आहे, अडचण फक्त साठवणीची. पंचवीस हजार लिटर म्हणजे पंचवीस घनमीटर, फुटात बारा बाय बारा आणि सहा फूट खोल अशी टाकी. खळ्याच्या एका कोपऱ्यात मावणारी. खर्च आहे, पण काम घरगुतीच आहे.

एवढ्यावर थांबू नका, कारण इथे प्रश्नच बदलतो. टंचाईत सगळंच पाणी टाकीतून घ्यायचं का? कपडे आणि भांडी व्हाळाच्या किंवा आटत आलेल्या विहिरीच्या पाण्यावर भागत असतील आणि फक्त पिण्या-रांधण्याचं पाणी साठवायचं असेल, तर माणशी दहा लिटर पुरतात. पाच गुणिले दहा गुणिले नव्वद म्हणजे साडेचार हजार लिटर. बाजारात मिळणारी पाच हजारांची प्लास्टिकची टाकी, उन्हापासून झाकून ठेवलेली. हा खर्च पहिल्याच्या मानाने अगदीच किरकोळ. गोठ्यात दोन म्हशी असतील तर उलट होतं. एक म्हैस उन्हाळ्यात दिवसाला माणसाच्या त्या ५५ लिटरांएवढं पाणी सहज पिते, मग पहिल्या हिशेबात पाच नव्हे, सात तोंडं धरायची.

कोणता आकडा घट्ट हवा, कोणता सैल चालतो

या हिशेबात मी पाच-सहा आकडे ढोबळ घेतले. ते सगळे सारखे महत्त्वाचे नाहीत. पाऊस तीन मीटर की साडेतीन, यावर गावात तासभर वाद होऊ शकतो, आणि त्याने टाकी एका इंचानेही लहान-मोठी होत नाही. अडीच मीटर धरला तरी गरजेच्या कितीतरी पट पाणी उरतं. टंचाईचे दिवस नव्वद की साठ, आणि पाणी फक्त पिण्याचं की सगळंच, या दोन आकड्यांवर मात्र टाकी आठ हजार लिटरने किंवा पाच पटीने बदलते. मेहनत करायची ती हे दोन आकडे नीट काढण्यावर. घरात बसून गेल्या तीन वर्षांत विहीर कधी आटली ते आठवा, आजीला विचारा.

अदमासाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. तो उत्तर तर देतोच, पण त्याआधी कुठे बघायचं ते दाखवतो. बरेचदा आपण ज्या आकड्यासाठी भांडत असतो त्याने निर्णय हलतच नाही.

हाच हिशेब वाडीलाही लावून बघा. साठ घरं, तीनशे माणसं, ५५ लिटरने दिवसाला साडेसोळा हजार लिटर. दहा हजारांचा एक टँकर एक दिवसाआड येत असेल तर दिवसाला पाच हजार, म्हणजे माणशी साधारण सतरा लिटर, एक बादली. "टँकर सुरू आहे" या तीन शब्दांत जे दिसत नाही ते या भागाकारात दिसतं, आणि ग्रामसभेत उभं राहून ते सांगताही येतं.

कलमाखाली उभं राहून

मी हे सगळं पुस्तकातून शिकलो नाही. आमची आंब्याची साठेक कलमं आहेत, आणि व्यापारी बाग ठोक घ्यायला आला की किंमत ठरवण्यासाठी फळ मोजून कोण देणार? फळ सुपारीएवढं झालं की बाबा बागेत फिरायचे. मला वाटायचं ते नुसते बघतायत. एकदा बरोबर नेलं तेव्हा कळलं.

त्यांनी कलमाच्या एका बाजूची मध्यम फांदी निवडली, हातातल्या छत्रीच्या टोकाने ती नजरेत धरली आणि ओठ हलवत मोजली. बावीस. मग झाडाभोवती फिरून तशा फांद्या मोजल्या. चौदा-पंधरा. पंधरा गुणिले बावीस, तीनशेच्या वर थोडं. पुढचं झाड. मी रस्त्याकडेच्या एका लगडलेल्या कलमाशी थांबलो तर म्हणाले, "ह्येका सोड. ह्या मोजलास तर सगळी बाग अशीच वाटात." व्यापाऱ्याला आणि मालकालाही आधी दिसतं ते रस्त्याकडचं झाड, उन्हातलं, खत-पाणी पोचणारं. त्यावरून अख्ख्या बागेचा अंदाज केला तर तो नेहमी वरच जाणार. ते मुद्दाम आत, सावलीच्या बाजूच्या आणि उताराखालच्या झाडांकडे जायचे. नमुना निवडताना जे सहज समोर येतं त्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे मी तिथे शिकलो.

त्या वर्षीचा हिशेब मला अजून आठवतो. हापूस एक वर्षाआड धरतो, साठांतली पंचवीस धरलेली. झाडामागे तीनशे फळ: साडेसात हजार, म्हणजे सव्वासहाशे डझन. पाच डझनाच्या पेटीने सव्वाशे पेट्या. वारा, गळ, थ्रिप्सची कीड, डागी फळ, गरातला साका यांत तिसरा हिस्सा जाणार, उरल्या ऐंशी. पेटीला सरासरी दोन हजार धरले तर एक लाख साठ हजार, आणि फवारणी, तोडणी, पेट्या, भाडं, दलाली यांत निम्मे. हाती ऐंशी हजार. मग बाबांनी वाईटात वाईट धरून पुन्हा केलं: पेट्या साठ, भाव दीड हजार. पंचेचाळीस हजार. बाग ठोक मागायला आलेल्याने अडतीस सांगितले होते. आमच्या अंदाजाने कितीही मार खाल्ला तरी त्याच्या आकड्याच्या वरच राहत होता, म्हणून आम्ही त्याला नाही म्हणालो. शेवटी पेट्या अडुसष्ट निघाल्या. अंदाज बारा पेट्यांनी चुकला होता. निर्णय चुकला नव्हता.

झाडामागे तीनशे हा आकडाही थोडा समजून घेण्यासारखा आहे. समजा, तुम्हाला मोजता येत नाही, एवढंच सांगता येतंय की शंभराच्या खाली नक्की नाही आणि हजाराच्या वर नक्की नाही. मग मधला आकडा कोणता? बहुतेक जण साडेपाचशे म्हणतील. पण साडेपाचशे हा शंभराच्या साडेपाच पट आहे आणि हजार त्याच्या दुपटीलाही पोचत नाही, तो वरच्या टोकाकडे झुकला. पटीने मधला आकडा तीनशेच्या थोडा वर येतो: शंभराच्या तिप्पट तीनशे, तीनशेच्या तिप्पट नऊशे. दोन टोकं एकमेकांपासून फार लांब असली की असं पटीने मध्य काढावं.

बाबा आणखी एक करायचे. काकाला आणि गड्याला वेगवेगळं विचारायचे, एकमेकांचा आकडा कानावर पडू न देता. १९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं कापून-सोलून वजन किती भरेल याची पैज लागली होती. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने त्यातल्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. अंदाजांतला मधला आकडा १२०७ पौंड होता, खरं वजन ११९८. एकेकट्या चिठ्ठ्यांतल्या चुका काही वर, काही खाली गेल्या होत्या, त्या एकमेकींत जिरल्या. अट एकच, चुका एकाच बाजूला नसाव्यात. सगळ्यांनी रस्त्याकडचंच झाड पाहिलं असेल तर ७८७ माणसंही मिळून चुकतील.

तिथीची पाऊणपट

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, सकाळी आणि संध्याकाळी. चतुर्थीला तीन. अनंत चतुर्दशीला चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणून विसर्जनाच्या दिवशी सकाळी साडेदहा-अकराला आणि पुन्हा रात्री त्याच सुमारास पाणी चढलेलं.

हे का जमतं? पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत पंधरा तिथींत भरतीची वेळ घड्याळात बारा तास सरकते. बाराला पंधराने भागलं की तिथीमागे ४८ मिनिटं, म्हणजे दोन घटका. पाऊण तास म्हणजे ४५. तिथीमागे तीन मिनिटांची चूक, पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तासाची. शिवाय दक्षिणेकडे भरती मुंबईच्या आधी येते, त्यामुळे जागेप्रमाणे तासभर मागेपुढे.

तासाची चूक ऐकून आजचा माणूस नाक मुरडेल. पण हा आडाखा कोणत्या निर्णयासाठी होता ते बघा. खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढायला सकाळी जायचं की दुपारी? खाडी चालत उतरायला कधी मिळेल? यासाठी तासाची चूक परवडते, आणि त्या बदल्यात पंचांग व तोंडी गुणाकार एवढ्यावर काम भागतं. बंदरात मोठी होडी आत घ्यायची तर तीच चूक परवडत नाही, तिथे भरती-ओहोटीचं छापील कोष्टक लागतं. आकडा किती अचूक हवा हे तो कशासाठी वापरायचा त्यावरून ठरतं.

बातमीतला आकडा पारखताना

पावसाळ्यात टीएमसी आणि क्युसेक हे दोन शब्द रोज कानावर येतात. टीएमसी हे साठ्याचं माप: एक अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर, दहा हजारांचे अठ्ठावीस लाख टँकर. क्युसेक हे वाहण्याचं माप: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे अठ्ठावीस लिटर, साधारण दोन बादल्या. साडेअकरा हजार क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. आणि पावसाशी नातं असं: शंभर चौरस किलोमीटर मुलखावर ३०० मिलिमीटर पाऊस पडला तर तेही जवळपास एक टीएमसीच.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर पाऊस की धरण असा वाद खूप दिवस चालला. कोयना धरणाचं वीज तयार केल्यावरचं पाणी चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत येतं, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. त्या पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याची वार्षिक मर्यादा साधारण ६७.५ टीएमसी, दिवसाची सरासरी काढली तर एक पंचमांश टीएमसीपेक्षा थोडी कमी. तेवढ्याने वाद मिटत नाही, कारण पूर सरासरीने येत नाही. तो काही तासांत चढतो, आणि त्यात भरतीचं पाणी नदीचं तोंड अडवून धरत असेल तर आणखी चढतो. पण प्रश्न नेमका होतो: त्या रात्री, तासातासाला, किती क्युसेक सुटलं आणि त्याच तासांत खोऱ्यात किती मिलिमीटर पडलं. हे दोन तक्ते मागायचे. ज्यांची घरं बुडाली त्यांना याहून कमी उत्तर देणं योग्य नाही.

गर्दीचे आकडे पारखायला पुन्हा गुंठाच कामी येतो. खेटून उभी राहिली तर चौरस मीटरमध्ये चार माणसं, गुंठ्यात चारशे. एक लाख माणसं एका वेळी उभी करायला अडीचशे गुंठे, म्हणजे सव्वासहा एकर मोकळी जागा हवी. जत्रेत लोक येत-जात असतात, दिवसभराचा आकडा त्यामुळे कितीतरी मोठा असू शकतो. एका सभेच्या एका मैदानाबद्दल मात्र ही ताकडी चालते.

पैशाच्या योजना तपासायला ७२ चा आडाखा: ७२ ला व्याजाच्या टक्क्यांनी भागा, तेवढ्या काळात रक्कम दुप्पट होते. बँकेचे वर्षाला सात टक्के धरले तर दहा वर्षं. आता कोणी "महिन्याला दहा टक्के" म्हणालं तर साधारण सात महिन्यांत दुप्पट. पाच वर्षांत साठ महिने, म्हणजे आठ वेळा दुप्पट आणि वर थोडं, सुमारे तीनशे पट. एका लाखाचे तीन कोटी. मुंबईहून निवृत्त होऊन आलेल्या माणसांची फंडाची रक्कम अशा योजनांत गेलेली मी आमच्याच पंचक्रोशीत पाहिली आहे. सही करण्याआधी हा एक भागाकार कोणीतरी त्यांच्यासमोर मांडायला हवा होता, ही खंत माझ्या मनातून जात नाही.

"अंदाज चुकला तर?"

चुकणारच. म्हणून एक आकडा काढून थांबायचं नाही, वाईटात वाईट आणि बऱ्यात बरा असे दोन काढायचे. दोन्ही टोकांना निर्णय तोच राहत असेल तर पुढे व्हा, आणखी मोजण्यात वेळ घालवू नका. आमच्या आंब्याचं तसं झालं. टोकं बदलली की निर्णय बदलत असेल, तर मात्र थांबून नीट मोजून घ्या, अभियंत्याला बोलवा, पैसे द्या. तज्ज्ञाची गरज कुठे आहे हे कळणं, हाही अदमासाचाच भाग.

सरकारही असंच करतं. पिकाची पैसेवारी, जिला जुनी माणसं अजून आणेवारी म्हणतात, आधी नजरअंदाज जाहीर होते, मग सुधारित, आणि पीक हाती आल्यावर अंतिम. पन्नास पैशांची रेघ महत्त्वाची, कारण तिच्या खाली गेल्यावर टंचाईच्या सवलतींचा प्रश्न येतो. तीस आहे की पस्तीस याला त्या निर्णयात फारसा अर्थ नाही. अठ्ठेचाळीस की बावन्न, याला फार आहे.

"मोबाईलवर सगळं नेमकं मिळतं की"

मिळतं, पण मिळालेलं बरोबर आहे का हे कोण सांगणार? टाकीच्या हिशेबात बोट घसरून एक शून्य जास्त पडलं तर यंत्र अडीच लाख लिटर म्हणेल आणि त्याला त्यात काही वावगं वाटणार नाही. ज्याने आधी मनात "पंचवीस हजारांच्या आसपास" काढलंय, त्याच्याच डोळ्याला ते खटकेल. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी स्वतःचा आकडा, मग यंत्राचा. उलट केलं तर समोरचा आकडा मनाला चिकटतो आणि आपला अंदाज त्याच्या आजूबाजूलाच घुटमळतो.

जिथे ढोबळ चालत नाही

लहान मुलाच्या औषधाची मात्रा, होडीत किती माणसं बसवायची, विजेच्या तारेची जाडी, फवारणीच्या औषधाचं प्रमाण. इथे चूक झाली तर सुधारायला दुसरी संधी मिळत नाही. लिहिलेलं वाचा, मोजून घ्या.

विहिरीच्या कडेला

सुरुवात कुठून करावी असं कोणी विचारलं तर मी विहीर दाखवतो. तीन मीटर व्यासाच्या विहिरीचा तळ सुमारे सात चौरस मीटरचा, म्हणजे पाणी एक मीटर खाली गेलं की सात हजार लिटर गेलं. एक फूट म्हणजे साधारण एकवीसशे. फेब्रुवारीपासून दर रविवारी मी गाठी मारलेला दोर सोडतो आणि पाण्याची उंची स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहितो. तीन-चार रविवार झाले की आठवड्याला किती उतरतंय ते कळतं, उरलेल्याला त्याने भागायचं आणि विहीर तळ गाठेल ती तारीख लिहायची. दर आठवड्याला ती तारीख खोडून नवी लिहायची, कारण ऊन वाढतं तसा झरा बारीक होतो आणि उपसा वाढतो.

गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या रविवारी मी ४ मे लिहिलं होतं. पाणी १९ मेपर्यंत पुरलं. मधे वळवाची एक मोठी सर झाली, आणि शेजारचं घर दहा दिवस लग्नासाठी मुंबईला गेलं होतं, ते माझ्या हिशेबात नव्हतं. पंधरा दिवसांनी चुकलो. टाकी मात्र ४ मे डोळ्यांपुढे ठेवून आम्ही एप्रिलमध्येच भरून ठेवली होती.